पाच टक्के, पण कशाचे?

विम्याच्या कागदावर ‘५ टक्के’ वाचले की आपण ते नुकसानीचे ५ टक्के धरतो. आपल्याला सवयच तशी आहे. ज्येष्ठांच्या आरोग्य विम्यातला को-पे दाव्याच्या रकमेवर लागतो. दुकान-कारखान्यांच्या जुन्या प्रमाणित आगविमा पॉलिसीत नैसर्गिक आपत्तीचे जे ५ टक्के कापत, तेही दाव्याचेच. फ्लोरिडात घर घेणारा माणूस, मग तो मूळचा मायामीचा असो की टाम्प्यात स्थायिक झालेला पुणेकर, हीच समजूत घेऊन पॉलिसीवर सही करतो आणि तिथेच फसतो. तिथल्या ‘हरिकेन डिडक्टिबल’ची, म्हणजे वादळाच्या नुकसानीतल्या घरमालकाने स्वतः सोसायच्या पहिल्या रकमेची, टक्केवारी नुकसानीवर नव्हे, घराच्या संपूर्ण विमा रकमेवर मोजतात. घराचा विमा ४ लाख डॉलरचा आणि डिडक्टिबल ५ टक्के असेल, तर पहिले २० हजार डॉलर घरमालकाचे. वादळाने छपराचा कोपरा उचकटला, छताच्या प्लायवूडमधून पाणी खाली उतरले, दुरुस्तीचा अंदाज १८ हजारांचा आला, तर कंपनीकडून एक डॉलरही मिळत नाही. तेवढेच नुकसान स्वयंपाकघरातल्या आगीने झाले असते, तर साध्या डिडक्टिबलची छोटी रक्कम वजा होऊन बाकीचे पैसे हाती पडले असते.

ही व्यवस्था कंपन्यांनी निव्वळ हावरेपणापोटी आणली, असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. २४ ऑगस्ट १९९२ रोजी ‘अँड्र्यू’ वादळ मायामीच्या दक्षिणेला होमस्टेड परिसरावर आदळले. विमा कंपन्यांवर सुमारे १५०० कोटी डॉलरचा बोजा पडला आणि अनेक कंपन्यांनी दिवाळे काढले. आग शंभरातल्या एका घराला लागते, वादळ एका रात्रीत शंभरच्या शंभर घरांची छपरे उचकटते. जोखीम वाटून घेण्याचे विम्याचे मूळ गणितच तिथे कोलमडते. पहिला थर घरमालकाने सोसावा, म्हणजे घर पुरते उद्ध्वस्त झालेल्यांना द्यायला कंपनी शिल्लक राहील आणि हप्ताही आवाक्यात राहील, हा युक्तिवाद मला मान्य आहे. टक्केवारी रद्द करा, अशी मागणी म्हणूनच मी करणार नाही. डिडक्टिबल सरसकट पाचशे डॉलरवर आणले, तर हप्ता इतका चढेल की ज्यांना विम्याची सर्वांत जास्त गरज तेच तो सोडून देतील.

माझा आक्षेप आहे तो ही पदरमोड टक्क्यांच्या आड दडवण्याला. घरमालक प्रत्यक्षात स्वतःच्या घराचा पहिला विमा कंपनीवाला झालेला असतो, पण पहिल्या वीस हजारांची तरतूद बँकेत करून ठेवायची आहे, हे ‘५ टक्के’ या दोन शब्दांतून त्याला उमगत नाही. बरे, ही रक्कम स्थिरही नसते. बांधकाम महागले की नूतनीकरणात विमा रक्कम वाढते, आणि टक्का तोच राहूनही डिडक्टिबल वर सरकते. विमा ४ लाखांवरून ५ लाखांवर गेला, तर २० हजारांचे २५ हजार झाले. पगार काही त्या हिशेबाने वाढत नाही. सज्ञान माणसाने सही केली, आता तक्रार कसली, असे यावर म्हणता येईल. पण गृहकर्ज देणारी बँक विम्याशिवाय कर्ज देत नाही, आणि गहाणखताच्या गठ्ठ्यात चाळिसाव्या पानावर आलेल्या आकड्यावरची सही म्हणजे समजून केलेला करार नव्हे. शिवाय हे कलम बदलता येत नाही, असेही नाही. २००४ मध्ये चार्ली, फ्रान्सिस, आयव्हन आणि जीन या चार वादळांनी सहा-सात आठवड्यांत फ्लोरिडाला झोडपले, तेव्हा काही घरमालकांवर प्रत्येक वादळाचे वेगळे डिडक्टिबल भरायची पाळी आली. ओरड झाली आणि मग कॅलेंडर वर्षात एकदाच, असा नियम राज्याने केला. राज्यातला विमा धंदा काही त्या एका नियमाने बुडाला नाही.

दुसरी गोम वादळाच्या नावात आहे. २९ ऑक्टोबर २०१२ च्या संध्याकाळी ‘सँडी’ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आले. टेकण्याच्या थोडेच आधी राष्ट्रीय हरिकेन केंद्राने त्याचे वर्गीकरण बदलून ते आता हरिकेन नाही, असे जाहीर केले. वारा तोच, समुद्र तोच, पण त्या एका तांत्रिक शब्दावर हजारो घरांची डिडक्टिबल अवलंबून होती. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी लगेच विमा कंपन्यांना बजावले की, हरिकेन डिडक्टिबल लावता येणार नाही. घरमालक सुटले, चांगलेच झाले. पण अर्धा तास वर्गीकरण लांबले असते, तर? हवामानशास्त्रज्ञांनी वादळाच्या गाभ्याचे तापमान बघून लावलेली पाटी लोकांच्या खिशाचा निवाडा करते, हे मला विचित्र वाटते. घराजवळ नोंदलेला वाऱ्याचा वेग हा त्याहून सरळ निकष ठरेल.

फ्लोरिडाच्या कायद्यात दडवादडवीवर अर्धा इलाज आहेही. हरिकेन डिडक्टिबल वेगळे असल्याचा आणि खिशाला मोठी चाट बसू शकते याचा इशारा १८ पॉइंटच्या ठळक अक्षरांत छापावा लागतो आणि डिडक्टिबलची डॉलरमधली रक्कम पॉलिसीच्या मुख्य पानावर दाखवावी लागते. ५ लाख डॉलरहून कमी विम्याच्या घराला १० टक्क्यांपेक्षा मोठे डिडक्टिबल हवे असेल, तर घरमालकाने स्वतः लिहून द्यायचे असते की, वादळाच्या नुकसानीचे पहिले इतके-इतके डॉलर मी भरीन, माझा विमा भरणार नाही. हरिकेन डिडक्टिबल एकोणीस राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये लागू आहे. तिथे सगळीकडे हे वाक्य २ टक्केवाल्यांकडूनही लिहून घ्यावे, आणि तेही गहाणखताच्या गठ्ठ्याबाहेर, वेगळ्या कागदावर. ‘इतके-इतके’च्या जागी आकडा लिहायची वेळ आली की पेन थांबेल, आणि एजंटला विचारायचा प्रश्न वादळाच्या आधीच विचारला जाईल.