अजबाची चैन

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्या जिल्ह्याबाहेरच्या लोकांना ठाऊक असते. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही दुसरीही ठाऊक असते. या दोहोंपलीकडे काही ठाऊक करून घेण्याची गरज त्यांना क्वचितच वाटते. आम्ही मूळचे वालूरचे, म्हणजे सेलू तालुक्यातल्या एका गावचे. पुण्यामुंबईच्या बैठकीत गावाचे नाव सांगितले की आधी या दोन म्हणी ऐकून घ्याव्या लागतात, आणि मग कुणीतरी हौसेने विचारतो, ‘तुमच्याकडे काही अजब प्रथा वगैरे आहेत का हो?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. तरीही या प्रश्नाशी आमचे जुने भांडण आहे, आणि ते आज जाहीरपणे मांडावयाचे आहे.

‘अजब प्रथा’ हा आपल्याकडे एक स्थिरावलेला वाङ्मयप्रकार आहे. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांतील चौकटी, सामान्यज्ञानाची पुस्तके आणि अलीकडे हातोहात फिरणाऱ्या चित्रफिती यांवर तो पोसला जातो. सुलावेसी बेटावरचे तोराजा लोक पुरलेले पूर्वज बाहेर काढून त्यांना नवे कपडे घालतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातले सातेरे-मावे मुलगे जहाल मुंग्यांनी भरलेल्या हातमोज्यांत हात घालून पुरुष ठरतात. इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमध्ये माणसे चीजच्या चाकामागे टेकडीवरून गडगडत जातात. बीड जिल्ह्यातल्या विडा गावी धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक काढतात. सोलापूरजवळच्या एका दर्ग्यावरून तान्ही मुले खाली धरलेल्या चादरीत टाकतात. प्रत्येकाला दोन ओळी आणि एक उद्गारचिन्ह, की पुढची नोंद. वाचणारा ‘कमाल आहे!’ म्हणतो आणि चहाचा कप उचलतो. या प्रकाराचे सारे फलित तेवढेच.

हा प्रकार नवा नाही, आणि त्यात आपले स्थान कोणते होते हे आपण विसरलो आहोत. इसवी सनापूर्वी इराणी दरबारात वैद्य असलेल्या क्टेसियसने हिंदुस्थानात कुत्र्याच्या तोंडाची माणसे राहतात असे लिहून ठेवले. चंद्रगुप्ताच्या दरबारी वकील म्हणून आलेल्या मेगॅस्थनीसनेही पायापर्यंत लोंबणारे कान असलेल्या आणि त्यांतच झोपणाऱ्या लोकांची नोंद केली. म्हणजे ‘अजब जग’ या सदरातली पहिली नोंद आपण स्वतःच आहोत. आज आपण वाचकाच्या खुर्चीत बसलो, म्हणून ती खुर्ची न्यायाची झाली असे होत नाही.

याच परंपरेत हिरोडोटसने मात्र एक शहाणी गोष्ट सांगितली आहे. दारयवहू राजाने आपल्या दरबारातल्या ग्रीकांना विचारले, किती धन दिले तर तुम्ही मेलेल्या बापाचे मांस खाल? ते म्हणाले, काहीही दिले तरी नाही. मग त्याने आईबापांचे मांस खाणाऱ्या एका हिंदी जमातीच्या लोकांना ग्रीकांसमक्षच विचारले, किती धन दिले तर तुम्ही त्यांना जाळाल? ते तर ओरडूनच उठले. ही कथा खरी घडली की नाही, याला महत्त्व नाही. तीत ‘अजब’ या शब्दाला मालक नाही, एवढे पुरे. १९५६ साली होरेस मायनर या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने ‘नासिरेमा’ नावाच्या एका विचित्र जमातीवर निबंध लिहिला. हे लोक रोज सकाळी रानडुकराच्या केसांची जुडी तोंडात घालून विधी करतात, घराच्या भिंतीत मंतरलेल्या औषधांची पेटी ठेवतात, असे त्यात गंभीरपणे सांगितले होते. नाव उलटे वाचले की ती जमात कळते. ते अमेरिकनच होते आणि विधी होता दात घासण्याचा.

आता विड्याच्या जावयाकडे वळू. गाढवावर बसवलेला तो जावई सर्वांना हसू आणतो. आपल्याकडे जावयाला दहावा ग्रह म्हटले आहे; अधिक महिन्यात त्याला वाण द्यायचे, धोंडे खाऊ घालायचे, वर्षभर त्याची मर्जी राखायची. त्या मानाला एका दिवसापुरते उलटे करून शेवटी त्याच्याच अंगावर नवे कपडे चढवायचे, यात गावाने स्वतःशी केलेली थोडी थट्टा आहे. पण याच मराठवाड्यात मुलीच्या लग्नापायी बाप जमिनीचा तुकडा विकतो किंवा सावकाराच्या दारी उभा राहतो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. त्याला साठ वर्षे उलटून गेली, तरी देणेघेणे बोलीवर चालूच आहे. जावयाला गाढवावर बसवणे ‘अजब’ आणि त्याला मोटारसायकल, सोने आणि रोख देणे ‘रीत’! हे कुणी ठरवले? ज्याच्या घरी हुंडा चालतो आणि गाढव नसते, त्याने. अजबांची यादी करणारा नेहमी आपले घर वगळून यादी करतो, हा आमचा पहिला आक्षेप आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘अजब’ म्हटले की चौकशी संपते.

पाऊस ओढ धरतो तेव्हा आमच्या भागात धोंडी निघत असे. अजूनही कुठे कुठे निघते. एखाद्या पोराच्या अंगाला कडुलिंबाचा पाला बांधायचा, काठीला बेडूक अडकवायचा आणि घरोघर पाणी मागत फिरायचे. बाया पोरावर तांब्याभर पाणी ओततात, पीठ किंवा भाकरी घालतात. यादीकारासाठी हे ‘पावसासाठी बेडकाला फाशी!’ या मथळ्यापुरते असते. पण सर्बियात ‘दोदोला’ आणि रुमानियात ‘पापारुदा’ नावाने अगदी हेच चाले. पाला नेसवलेली मुलगी दारोदार जाई, बाया तिच्यावर पाणी ओतत आणि खाण्याचे जिन्नस देत. ‘द गोल्डन बाऊ’ या १८९०पासून वाढत गेलेल्या ग्रंथात फ्रेझरने दोदोलाही नोंदवली आहे आणि हिंदुस्थानातले बेडूकही. कोरडवाहू शेतकऱ्याची भीती बाल्कनात आणि मराठवाड्यात सारखेच रूप का घेते, हा खरा विचार करण्यासारखा प्रश्न. फ्रेझरचे उत्तर, सारख्याने सारखे ओढले जाते अशा जादूच्या समजुतीचे, आम्हाला अपुरे वाटते. परंतु त्याने प्रश्न तरी विचारला होता. आमच्या चौकटकारांना तेवढाही जड होतो.

कारण प्रश्न विचारला की पुढचे अडचणीचे प्रश्न येतात. पाला नेसून अर्धनग्न फिरणारा पोरगा कुणाच्या घरचा असे? पाटलाचा की गावकुसाबाहेरचा? जमलेले पीठ कोण रांधून खाई? ज्या घरासमोर तो भिजत उभा राही, त्या घरच्या विहिरीवर एरवी त्याला पाणी भरू देत का? आणि बेडकाची दया येणाऱ्यांसाठी आणखी एक. आपला देश बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवून परकीय चलन मिळवत होता; ती निर्यात १९८७ साली बंद झाली. काठीला बांधलेला एक बेडूक रानटीपणा ठरला आणि गोणीवारी मारलेले बेडूक व्यापार ठरले. भाताच्या खाचरातली कीड खाणारा प्राणी कशाने संपत आला, याचा शोध घ्यायचा तर धोंडीपेक्षा त्या निर्यातीकडे आधी पाहावे लागेल.

आमच्या वालूरची बारव अशीच ‘अजब’ या सदरात गेली आहे. पायऱ्या सरळ न उतरता चक्राकार वळत पाण्यापर्यंत जातात, असे तिचे रूप आहे आणि ते दुर्मीळ आहे, हे आम्हीही अभिमानाने सांगतो. अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांनी श्रमदानाने तिच्यातला गाळ आणि झुडपे काढली, तेव्हा तिची छायाचित्रे दूरवर गेली. मग पाहुणे येऊ लागले. वरून चित्र काढायचे, ‘भुयार आहे का?’ असे विचारायचे आणि जायचे. पाणी किती महिने टिके, पाणलोट कोणत्या बाजूने येई, गाळ का साचला, नळ आल्यावर बारव उकिरडा कशी झाली, हे विचारणारा क्वचित भेटतो. ज्या मराठवाड्यात एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तिथे शेकडो वर्षांपूर्वीच्या जलव्यवस्थेकडे केवळ आकार म्हणून पाहणे, याला आम्ही रसिकता म्हणत नाही.

आणि त्या सुंदर पायऱ्यांविषयी एक प्रश्न आम्ही गावकऱ्यांनीही स्वतःला विचारला पाहिजे. त्या पायऱ्या उतरण्याची मुभा कुणाला होती? २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्याशी हातपाय धुतले म्हणून खुद्द डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सोबती यांना तळे बाटवल्याबद्दल शिव्याशाप ऐकावे लागले. दौलताबाद आमच्याच निजामी मुलखातले. जगातल्या ‘अजब प्रथां’च्या कोणत्याही यादीत, माणसाने पाण्याला हात लावला की पाणी विटाळते, ही प्रथा आम्ही पाहिलेली नाही. सर्वांत अजब गोष्ट यादीत नाही, कारण तिचा उच्चार करमणूक करत नाही.

इथे दुसरे एक पथक आमच्या मदतीला धावून येण्याचा संभव आहे, आणि त्याला वेळीच दारातून परत पाठवणे आवश्यक वाटते. ‘आपल्या प्रत्येक प्रथेमागे विज्ञान आहे’ असे म्हणणारे हे लोक. कडुलिंब जंतुनाशक म्हणून धोंडी, अमुक कंपनांमुळे घंटा, तमुक किरणांमुळे कुंकू! चौकशी टाळण्याचा हाही मार्गच. एक उद्गारचिन्ह लावून प्रथेला हसतो आणि दुसरा उद्गारचिन्ह लावूनच तिला नमस्कार करतो. दोघेही तिच्याजवळ जात नाहीत. धोंडीने पाऊस पडत नाही. २०१५ आणि २०१९ साली औरंगाबादेतून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातून, विमाने उडवून कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले; त्यांनाही आधी आभाळात ढग लागतातच. प्रथेची बाजू समजून घेणे म्हणजे ती खरी मानणे नव्हे, हे या पथकाला सांगून उपयोग होत नाही; वाचकांना मात्र सांगितले पाहिजे.

‘अहो, थोडी करमणूक झाली तर तुमचे काय गेले?’ असे कुणी म्हणेल. काय गेले ते सांगतो. दर्ग्यावरून चादरीत टाकलेल्या मुलाची चित्रफीत २००९च्या सुमारास जगभर पाहिली गेली. पाहणारे हसले किंवा शहारले. नवसाने झालेले मूल जगावे म्हणून आई ते अशा रीतीने सोडते, तिची भीती कशाची आहे, आणि त्या मुलाला इजा झाली तर जबाबदार कोण, या दोन्ही प्रश्नांना चित्रफितीत जागा नव्हती. ‘अजब’ हा शब्द आईलाही न्याय देत नाही आणि मुलालाही संरक्षण देत नाही. उलट नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य वेचले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाल्यावर जो संमत झाला, त्या कायद्याचे नाव पाहावे. त्यात प्रथांना ‘अमानुष’, ‘अनिष्ट’, ‘अघोरी’ म्हटले आहे. ‘अजब’ म्हटलेले नाही. कारण कायद्याला विचारावे लागते, इजा कुणाला होते? हसणाऱ्याला हे विचारावे लागत नाही.

प्रथांना इतिहास असतो, हेही या चौकटींतून गळते. पारशी आपले मृतदेह गिधाडांना देतात, ही शंभर वर्षे छापली जाणारी नोंद. परंतु जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने १९९०नंतर गिधाडेच संपत आली, २००६ साली त्या औषधाचा पशुवैद्यकीय वापर बंद करावा लागला, आणि मुंबईच्या डुंगरवाडीत सूर्याची उष्णता एकवटणारी साधने बसवावी लागली. एका समाजाचा अंत्यविधी गोठ्यातल्या सुईमुळे अडला. ही हकीकत कोणत्याही अजब नोंदीपेक्षा विलक्षण आहे, पण ती दोन ओळींत मावत नाही.

मराठीत याहून चांगली परंपरा नाही असेही नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिताना गावच्या चालीरीती सोडल्या नाहीत. मात्र प्रत्येक चालीमागे धान्य कुणाच्या खळ्यातून निघते आणि कुणाच्या पदरात पडते, हे पाहिले. त्यांचे सगळेच निष्कर्ष आज आम्हाला मान्य नाहीत, काही तर फार कठोर वाटतात. पण त्यांच्याशी वाद घालता येतो. उद्गारचिन्हाशी घालता येत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. परक्याची प्रथा जरूर सांगा, तोराजांची सांगा, विड्याची सांगा, वालूरचीही सांगा. पण सांगताना ती कोण करतो, तिची किंमत कोण मोजतो आणि ती सोडली तर काय गमावते किंवा सुटते, एवढे विचारून सांगा. उत्तर मिळाले नाही तर नोंद छापू नका. आणि यादी अपुरी वाटलीच, तर आपल्या घरातल्या गेल्या लग्नाच्या खर्चाची वही काढा. तीत एक तरी नोंद अशी निघेल की तोराजा माणसाने वाचली तर तोही ‘कमाल आहे!’ म्हणेल.