विचारावे तरी कोणाला?

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विषयनिवडीची मोकळीक वाढविण्याचा मार्ग धरला; परंतु निवड करताना कोणाशी बोलावे, हे कोणतेही धोरण सांगू शकत नाही. आपली मुले बहुधा आईवडील, काका-मामा व मित्र यांनाच विचारतात. या मंडळींच्या मायेविषयी शंका नाही. मात्र त्यांना जे ठाऊक असते, ते बहुतेक मुलांच्याही कानांवर आलेले असते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली हीच बाब आकड्यांनिशी मांडली. बोस्टनच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांची त्यांनी पाहणी केली. त्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती वारंवार भेटणाऱ्या व्यक्तीमार्फत मिळाली होती. उरलेल्यांना अधूनमधून वा क्वचित भेटणाऱ्यांकडून. २०२२ साली लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरील अभ्यासातूनही असेच आढळले की, नोकरी बदलताना अगदी जवळच्यांपेक्षा बेताची ओळख असलेले लोक अधिक उपयोगी पडतात.

मग अशा व्यक्तींशी बोलावे कसे? सॅन फ्रान्सिस्को येथील एपिस्कोपल धर्मगुरू रिचर्ड बोल्स यांचे पद १९६८ साली खर्चकपातीत गेले. पुढे १९७० साली त्यांनी नोकरी शोधणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक स्वतःच छापले व ते जगभर गाजले. त्यांचा एक आग्रह असा : नोकरी मागण्यापूर्वी माहिती मागावी. आपला दिवस कसा जातो? या कामातील कंटाळवाणा भाग कोणता? शिक्षणाचा किती उपयोग झाला? आणखी कोणाला भेटावे? वीस मिनिटांत एवढे विचारता येते. नोकरीची गळ घातली की समोरचा सावध होतो; अनुभव विचारला की तो मोकळेपणाने बोलतो.

ज्याचे वडील वकील वा अभियंता आहेत, त्याला ही दारे घरातूनच उघडतात. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवी घेत आहे, त्याच्या वाट्याला केवळ जाहिराती व खासगी वर्गांची माहितीपत्रके येतात. खरा अन्याय इथे आहे.

धर्मग्राम म्हणजे तरी काय? दर रविवारी एकत्र येणाऱ्या, चेहऱ्याने ओळखीच्या पण कामधंद्याने अनोळखी अशा माणसांचा मेळाच! परिचारिका, बँक कर्मचारी, जहाजावरील खलाशी, संगणक अभियंता एकाच बाकावर बसतात आणि मिस्सा संपताच पांगतात. युवक संघटनेने इच्छुक व्यावसायिकांची साधी यादी केली आणि प्रत्येकाने महिन्यातून अर्धा तास दिला, तरी पुष्कळ साधेल. यासाठी निधी लागत नाही. मुलांनी संकोच सोडावा आणि मोठ्यांनी वेळ द्यावा, इतकेच आमचे सांगणे आहे.