जनरलांचा धम्म आणि बँकॉकचं जेवण

मागच्या वर्षी धम्मसहलीला आम्ही नागपूरचे अकरा जण थायलंडला गेलो होतो. बँकॉकला आपल्याच समाजातले एक इंजिनिअर बारा वर्षांपासून राहतात. त्यांनी आग्रहाने जेवायला बोलावलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, ताटात वहिनींच्या हातचा सावजी रस्सा. परमुलखात आपलं माणूस भेटल्याचा आनंद होता. मग शेजारच्या म्यानमारमधल्या युद्धाचा विषय निघाला आणि भाऊ म्हणाले, "तिथल्या लष्कराला नावं ठेवू नका. लष्कर आहे म्हणून ब्रह्मदेशात धम्म टिकला. नाहीतर रोहिंग्यांनी केव्हाच गिळला असता."

ताटावर बसून वाद घालू नये म्हणून आम्ही गप्प बसलो. चूक केली. कारण हेच वाक्य आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरही फिरतं, आणि फिरवणारे जयभीमवालेच असतात.

मित्रहो, हे लष्कर कोणता धम्म टिकवतंय? 1 फेब्रुवारी 2021 रोजी त्याने लोकांनी निवडलेलं सरकार उलथवलं. 11 एप्रिल 2023 रोजी सगाईंग भागातल्या पाझीजी गावात जमलेल्या लोकांवर विमानातून बॉम्ब टाकले. शंभराहून जास्त माणसं मेली, त्यांत लहान मुलंही होती. सगाईंग हा विहारांचा मुलूख आहे, तिथली बहुसंख्य जनता बौद्ध आहे. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लष्करप्रमुख मिन आंग लाइंग यांनी नेपिडॉत संगमरवराची प्रचंड बुद्धमूर्ती लोकार्पण केली! मूर्ती मोठी करून पहिलं शील गाडता येतं, असा त्यांचा समज दिसतो.

2007 मध्ये याच देशातल्या हजारो भिक्खूंनी भिक्षापात्रं पालथी केली होती. लष्करी घरांचं दान नको, असा त्याचा अर्थ. विनयात त्याला आधार आहे. त्यावर लष्कराने रात्री विहारांत घुसून भिक्खूंना मारहाण केली, पकडून नेलं. उलट मुस्लिमद्वेष पसरवणाऱ्या विराथूला 2021 मध्ये सोडून दिलं, पुढे पदवीही दिली. लष्कराला कोणता भिक्खू चालतो हे यावरून कळावं.

आता रोहिंग्यांबद्दल. 1982 च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना स्वतःच्याच जन्मभूमीत परकं केलं. 2017 मध्ये सात लाखांहून अधिक लोक जीव घेऊन बांगलादेशात पळाले. कोणत्या कुळात जन्मलास त्यावरून तू माणसांत मोजला जाशील की नाही हे ठरतं, हा न्याय आपल्याला ओळखीचा वाटत नाही? मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या नातवंडांना तो ओळखता येऊ नये? लष्कराविरुद्ध लढणारे सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत, असं आम्ही म्हणत नाही. रोहिंग्यांवरच्या अत्याचाराचे आरोप आराकान आर्मीवरही आहेत. पण एकाच्या पापाने दुसऱ्याचं पुण्य होत नाही.

ब्रह्मदेश आपल्याला परका नाही. डिसेंबर 1954 मध्ये प्रकृती साथ देत नसताना बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर त्यांना त्रिशरण-पंचशील देणारे महास्थवीर चंद्रमणी मूळचे आराकानचे. रोहिंग्यांची गावं जाळली गेली ती त्याच आराकानात.

जेवणं झाल्यावर भांडी घासायला एक मुलगी आली. गालांवर थनाका लावलेला. भाऊ म्हणाले, "ही बर्मीच." कुठल्या गावची, आम्ही विचारलं. "ते कधी विचारलं नाही." चार वर्षांपासून ती त्यांच्याकडे आहे. आमच्यातल्या एकीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिलाच विचारलं. मोनिवा, म्हणजे सगाईंगच. 2024 मध्ये सक्तीची सैन्यभरती सुरू झाली तेव्हा तिचा धाकटा भाऊ सीमा ओलांडून मे सोतला आला. कागदपत्रं नाहीत, पोलीस दिसला की लपतो.

आमच्यातल्या तिघांच्या आया सिव्हिल लाइन्समध्ये भांडी घासायच्या. त्यांनाही गाव कुणी विचारलं नव्हतं.

हा लेख भाऊंना पाठवतो आहोत. त्यांचं उत्तर आलं तर जसंच्या तसं छापू. त्या मुलाच्या कागदांचं काही होऊ शकेल का, हेही सोबत विचारलं आहे.