काकांची तीनचाकी, दुसऱ्याचं माप



पावसाळाभर आमच्याकडून इथं काही लिहिणं झालं नाही. धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला की आम्ही थेट घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जात होतो आणि हाताचं ग्रीस निघेपर्यंत जेवायची वेळ टळून जायची. आम्ही म्हणजे घरची चार माणसं: आम्ही उभयतां, बारावी झालेला मुलगा आणि पासष्टी ओलांडलेल्या काकू. तुरीच्या रिकाम्या पोत्यांखाली सहा वर्षं पडून असलेली काकांची गाडी आम्ही बाहेर काढली होती. ती पुन्हा चालती करण्यात चार महिने गेले. त्यातला एक महिना तर गाडीवर हात न लावता नुसत्या वादात गेला. लिहायचं आहे ते त्या वादाविषयीच. पण आधी गाडी सांगायला हवी.

गाडी काइनेटिक होंडा, १९९६ सालची. चाळिशीच्या पुढच्यांना ती आठवत असेल. फिरोदियांच्या काइनेटिक कंपनीनं जपानच्या होंडाबरोबर १९८४ साली भागीदारी केली आणि ही स्कूटर आणली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, गिअर नाहीत, बटण दाबलं की सुरू. चेतकवाल्यांना ती तेव्हा बायकी वाटायची. पण ज्यांचे पाय चालत नव्हते त्यांना त्या बटणाची किंमत कळली होती. किक मारायला नको, गिअर टाकायला नको. म्हणून त्या काळी आपल्या भागात अपंगांसाठी गाडी करून घ्यायची तर पुष्कळदा हीच स्कूटर घ्यायचे. काकांनी ती सोलापूरला नेली. तिथल्या एका वेल्डरनं चौकोनी पाइपाची चौकट करून चासीला बोल्टानं बसवली आणि दोन्ही बाजूंना एकेक चाक दिलं. लोक तिला तीनचाकी म्हणतात, पण मोजली तर चाकं चार. मागचं मूळ चाक जागेवरच आहे, ओढतं तेच. बाजूची दोन नुसती आधाराची. तरी आम्हीही तीनचाकीच म्हणणार. सवय आहे.

काकांना दोन वर्षांचे असताना पोलिओ झाला. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, त्यामुळे आजच्या मुलांना कॅलिपर म्हणजे काय तेही सांगावं लागतं. आमच्या वर्गात तेव्हा दोन मुलं कॅलिपर घालून यायची. काकांना लहानपणी किती प्रार्थनासभांना नेलं असेल याची गणती नाही. प्रत्येक वेळी त्यांना उभं करायचे, सगळे डोळे मिटायचे, आणि ते पडायचे. पुढं ते सभांना जायचे ते गाणी म्हणायला. कुणी डोक्यावर हात ठेवायला आलं की म्हणायचे, "मला चालायचं नाही की हो, मला जायचंय." हुमनाबादला त्यांचा एसटीडी बूथ होता, पिवळ्या पाटीचा. अपंगांना असे बूथ देताना तेव्हा प्राधान्य असायचं. गाडी येण्याआधी त्यांना सकाळी कुणीतरी सायकलवरून सोडायचं आणि रात्री कुणीतरी आणायचं. त्या 'कुणीतरी'मध्ये आम्हीही होतो, आणि कंटाळा करायचो हे कबूल केलं पाहिजे. १९९६ नंतर ते आम्हाला शाळेत सोडायला लागले.

२०१८ साली काका गेले. मोबाइलनं बूथ त्याआधीच बंद केला होता.

मुलाच्या मनात होतं ते असं: गाडी अगदी नवी करायची, कंपनीतून निघाली तशी. त्यानं फोनवर बरंच पाहिलं होतं. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची सर्वी-कार नावाची तीनचाकी १९३२ ते १९७३ बनत होती. तिचे शौकीन मूळ रंगाचा डबा शोधत वर्षानुवर्षं फिरतात. दिल्लीत दुसऱ्या महायुद्धातल्या मोटरसायकलींवर बांधलेल्या फटफट्या चालायच्या, त्यांचेही चाहते आहेत. आपल्याकडे बजाज टेम्पोची हॅन्सीट, जिला आपण डुक्कर रिक्षा म्हणत आलो, तीही कुणी घासूनपुसून अंगणात ठेवतं. या छंदाला आम्ही नावं ठेवत नाही. जुनं यंत्र समजून घेण्यात एक आदर असतो. पण त्या गाड्यांपैकी कारखान्यात बनलेल्यांना निदान कॅटलॉग असतो. काकांच्या गाडीचा अर्धा भागच तसा. उरलेला अर्धा एका वेल्डरनं एका माणसाकडे बघून बनवला. तो वेल्डरही आता नाही. त्याच्या जागी मोबाइलचं दुकान आहे.

म्हणून आम्ही आधी गाडी वाचायला बसलो. बी.ए.ला मराठी घेतलेल्या माणसाला १२-१३चा पाना कुठला हे कळायला दोन दिवस लागले, पण वाचणं जमतं. डाव्या पायपाटीवर बाभळीचा एक ठोकळा दोन स्क्रूंनी बसवलेला होता आणि त्याला टाचेच्या आकाराचा खळगा पडला होता. काकांचा डावा पाय आखूड, कॅलिपरसकट तो तिथं टेकायचा. सीट चार बोटं खाली घेतलेलं. मागे पीव्हीसी पाइपाचा तुकडा, आत सायकलची ट्यूब चिकटवलेली. कुबड्या वाजू नयेत म्हणून. ते उजवीकडून चढायचे, म्हणून उजवं चाक डाव्यापेक्षा जरा बाहेर. दोन्ही ब्रेक हँडलवर, आणि हँडलची उजवी मूठ झिजून गुळगुळीत. काकू त्या ठोकळ्यावरून हात फिरवत कितीतरी वेळ बसून राहिल्या.

दुरुस्तीचं फार सांगत नाही, पण ज्यांच्या शेडमध्ये अशी गाडी पडली असेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पेट्रोलच्या टाकीत गंज होता. बारीक खडी आणि रॉकेल घालून टाकी हलवत बसलो, मग चिंचेचं पाणी दोन रात्री भरून ठेवलं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वाळून डिंकासारखं झालं होतं. जेटच्या भोकात सुई घालू नका, भोक मोठं होतं. आम्ही एक तसाच घालवला. या गाडीत ऑइल वेगळ्या टाकीतून पंपानं आपोआप मिसळतं. जुन्या पंपावर भरवसा नको म्हणून तो बंद करून लिटरमागे सुमारे २५ मिली ऑइल आम्ही हातानंच पेट्रोलमध्ये घालतो. सायलेन्सर काजळीनं बुजला होता. पट्टा तुटलेला. सुट्या भागांसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. तो बुधवारी आणि रविवारी भरतो, आमच्यासारख्याला बुधवारच. तिथं पट्टा नाही मिळाला, पण लायनर आणि एक चालू कार्बोरेटर मिळाला. पट्टा शेवटी एका मिस्त्रीनंच त्याच्या माळ्यावरून काढून दिला. "पुराना है, पर सोया हुआ है, मरा नहीं," म्हणाला.

गाडी सुरू झाली त्या संध्याकाळी निळा धूर अंगणभर झाला आणि वस्तीतली सगळी पोरं गोळा झाली. त्यांच्यामागे कुबडीवर एक बहीण उभी होती. तिचा उजवा पाय साखरेच्या आजारानं गुडघ्याखाली गेला आहे. ती शिवणकाम करते. कापड आणायला आणि कपडे पोचवायला रिक्षाला जाऊन-येऊन दीडशे रुपये देते. तिनं काही मागितलं नाही. एवढंच विचारलं, "सर, ही आता कोण चालवणार?"

आणि इथून तो एक महिना सुरू झाला.

मुलगा म्हणाला, ही काकाआजोबांची आठवण आहे, तिला हात लावायचा नाही. त्याला राग आला होता आणि तो रास्त होता. चार महिने त्यानंच जास्त खपून काम केलं. काकू काही बोलल्या नाहीत, पण ठोकळ्याचे स्क्रू काढायला कुणी पाना घेतला की उठून आत जायच्या. आमचंही मन खरं तर देण्याचं नव्हतं. आम्ही तिला नवी बॅटरीची तीनचाकी मिळवून देऊ, असं म्हणत होतो. सरकारी योजना आहेत, शिबिरं होतात, अर्ज आम्ही भरून देऊ. ते सगळं खरं. पण अर्ज भरून देणं हे आपली वस्तू न देण्याचं फार सोयीचं कारण असतं, हे आम्हाला त्या महिन्यात कळलं. आपल्याच मंडळीनं काही वर्षांपूर्वी हातानं फिरवायच्या तीनचाकी सायकली वाटल्या होत्या. हार, फोटो, भाषणं झाली. सगळ्या सायकली एकाच मापाच्या होत्या. त्यातली एक आज एका घरासमोर शेळ्या बांधायला आहे. घेणारा वाईट नव्हता. त्याचे हातच त्या दांड्यापर्यंत पोचत नव्हते, आणि मोजून बघायचं कुणाला सुचलं नाही.

वर्गात आम्ही दरवर्षी मार्कच्या शुभवर्तमानातली ती गोष्ट शिकवतो: चौघे मित्र पक्षाघाती माणसाला घेऊन येतात, छप्पर उघडून खाली सोडतात. यंदा एका मुलीनं विचारलं, "बरा झाल्यावर तो बाज घरी घेऊन गेला, मग त्या बाजेचं काय केलं?" आम्ही म्हणालो, लिहिलेलं नाही. ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाला दिली असंल." आम्ही फळा पुसायला वळलो.

आमचं मत आता असं आहे. एका माणसाच्या शरीरावर बेतलेलं यंत्र त्याच्यामागे तसंच जपून ठेवणं ही त्याची आठवण नव्हे. काकांनी स्वतः काय केलं होतं? कंपनीनं बनवलेली चांगली, नवीकोरी गाडी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी तिला कापायला लावली, आपल्या मापाची करायला. मूळ रूप जपायचंच म्हटलं तर पहिला अपराधी तेच ठरतील. त्यांचं खरं काम कापणं आणि जोडणं हे होतं. तेच पुढं करायचं तर ठोकळा निघायलाच हवा. एका रात्री काकूंनीच तो काढला, आमचा पाना न घेता, स्वयंपाकघरातल्या सुरीच्या टोकानं. स्क्रूची खाच त्यांनी बिघडवून ठेवली, ते वेगळं.

मग नव्यानं मापं घेतली. ती बहीण डावीकडून चढते, म्हणून डावीकडची चौकट मोकळी केली. सीट पुन्हा वर घेतलं. कुबडी एकच, पण मागे कापडाच्या गठ्ठ्यासाठी जाळी हवी होती. आणि इथं आमची एक मोठी चूक झाली. बाजूची चाकं आम्ही घट्ट खाली बसवली, म्हणजे गाडी डुलायला नको. पहिल्याच गतिरोधकाजवळच्या खड्ड्यात दोन्ही बाजूची चाकं काठावर टेकली, मधलं चाक हवेत फिरत राहिलं, इंजिन नुसतं ओरडलं आणि गाडी जागची हलेना. ओढणारं चाक जमिनीला दाबून राहिलं पाहिजे. बाजूच्यांनी अर्धा इंच मोकळं, स्प्रिंगवर असावं. दुसरं असं की वळताना ही गाडी दुचाकीसारखी कलत नाही. मुलानं सवयीनं अंग झुकवलं आणि आतलं चाक उचललं गेलं. चर्चच्या आवारात तो उलटता उलटता वाचला. हळू करायचं, मग हँडल वळवायचं. बाजूच्या चाकांना ब्रेक नसतात आणि वजन वाढलेलं असतं, म्हणून थांबायला जास्त जागा सोडायची. हे तिला शिकवायला आम्हाला तीन आठवडे लागले. मुलाला जितके दिवस लागले त्यापेक्षा ते कमीच.

कागदांचंही सांगून ठेवतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हटलं होतं, आणि व्याख्येत स्पष्ट होतं की ती खास बनवलेली असावी, नुसती बदललेली नव्हे. काका हसायचे, "अवैध गाडी आहे का अवैध माणूस, साहेबांना विचारा." २०१९च्या दुरुस्तीनं तो शब्द गेला, आता 'अडॅप्टेड व्हेइकल' म्हणतात आणि रीतसर बदल करून घेतलेली गाडीही त्यात बसते. एक अट मात्र आधीपासून तशीच आहे: अशी गाडी फक्त अपंग व्यक्तीनं किंवा तिच्यासाठीच वापरायची. म्हणजे मुलाला ती मित्रांना दाखवत फिरवता आली नसती, आणि अंगणात शोभेला ठेवणं एवढंच आमच्या हातात उरलं असतं. नोंदणीची मुदत संपली होती, उशिराचा दंड भरला. मालक वारल्यामुळे आधी ३१ नंबरचा फॉर्म काकूंच्या नावानं, मग २९ आणि ३० बहिणीच्या नावानं. चार खेपा झाल्या. तिचं शिकाऊ लायसन आलं आहे.

गेल्या रविवारी ती पहिल्यांदा गाडीवर मिस्सेला आली, मागे आम्ही मोटरसायकलवर. घंटेच्या आधी पाच मिनिटं तिनं लिंबाखाली गाडी लावली. मग चर्चच्या पाच पायऱ्या. चार-पाच पुरुष धावले, उचलून नेतो म्हणाले, मनानं चांगलेच सगळे. ती म्हणाली, "नको भाऊ, मी इथंच बसते." आणि खिडकीशी गाडीवरच बसून तिनं पूर्ण मिस्सा ऐकली. काका बावीस वर्षं त्याच लिंबाखाली बसायचे. आम्हाला वाटायचं, त्यांना सावली आवडते.

मिस्सेनंतर फादरांशी बोललो. उतार करायचा तर एक फूट चढाला बारा फूट लांबी धरतात. आपल्या पाचही पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, म्हणजे अडीच फूट. तीस फूट उतार लागेल. सोमवारी मुलानं टेप लावून मोजलं, बाजूच्या दारापासून कुंपणापर्यंत चौतीस फूट भरतात. मध्ये जास्वंदीचा वाफा येतो, तो हलवावा लागेल. फादरांनी होकार दिला आहे. खडी आमच्या शेतातून येईल, वाळू अजून ठरायची आहे. येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर ज्यांच्याकडे फावडं-घमेलं असेल त्यांनी घेऊन यावं. वाफ्यातली रोपं कुणाला हवी असतील तर काकूंना सांगा.