भारचाचणी कोणाच्या भाराची?

२८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी ४ वाजता अठरा वर्षांवरील नागरिकांसाठी कोविन संकेतस्थळावर लसनोंदणी खुली झाली, आणि पहिल्याच घटकेला ते अडखळले. अनेकांना ओटीपीच येईना. दिवसअखेर १ कोटीहून अधिक नोंदी झाल्या, हे खरे. पण त्या पहिल्या घटकेचा जाब आम्ही विचारणारच!

संकेतस्थळ क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या संगणकांवर ठेवले की गर्दीबरोबर यंत्रे आपोआप वाढतात, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी. नवे यंत्र उभे राहण्यास काही मिनिटे लागतात; ठरल्या वेळेची झुंबड क्षणात येते. शिवाय ओटीपी धाडणारी यंत्रणा निराळीच. म्हणून हजारो कृत्रिम ग्राहक एकदम सोडून सारी साखळी आधी ताणून पाहावयाची असते. आणि हे ग्राहक कसे कल्पिलेले असतात? बहुधा झरझर इंग्रजी वाचणारे! कोविनवर मराठी आली ती जून २०२१ मध्ये. तोवर आमचा निपाणी-खानापूरचा माणूस परक्या भाषेतला अर्ज चाचपडत होता. असा माणूस चुकतो, पुन्हा ओटीपी मागतो. त्याच्या एका नोंदीचा भार दोघा-तिघांइतका पडतो. सरकारी सेवेच्या प्रत्येक निविदेत मराठी पानांची भारचाचणी स्वतंत्रपणे लिहून घ्यावी, अशी आमची मागणी आहे.