इन्शुलिनची कुपी आणि वैशाखातला प्रवास

व्यारा येथील एका भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांच्या यजमानांस नुकतेच इन्शुलिन सुरू झाले आहे, आणि वैशाखात भुसावळला पुतणीच्या लग्नास जावयाचे आहे. "घरी फ्रीज आहे, लग्नघरीही असेलच, पण मधले सात-आठ तास गाडीत कुपीचे काय करावे? जाणेच रद्द करू, असे हे म्हणतात," असे त्या लिहितात. या पानावर लोणची, वाळवणे, मुलांचे खोकले यांविषयी पुष्कळ लिहून झाले. ज्या बाबतीत माझ्या हातून मोठी चूक घडली, त्या विषयावर लिहिण्याचे मात्र मी आजवर टाळले होते. या पत्रामुळे आता ते टाळता येत नाही.

गोष्ट १९९४ सालची. सासूबाई तीन वर्षांपासून इन्शुलिन घेत होत्या. मे महिन्यात अमळनेरला नणंदेच्या मुलीचे लग्न निघाले. बारडोलीहून ताप्ती खोऱ्यातील लोहमार्गाने व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा असे करीत अमळनेर येते, आणि त्या दिवसांत नंदुरबारच्या पुढे खिडकीतून जो वारा येतो तो भट्टीच्या तोंडाचा. कुपी तापेल या धास्तीने मी आदल्या रात्री ती बर्फाच्या कप्प्यात ठेवली. मनात हिशेब असा, की जितकी अधिक गार करून न्यावी तितकी ती अधिक वेळ गार राहील. दह्याच्या भांड्याला लागू पडणारा हिशेब मी औषधाला लावला. सकाळी कुपीत पांढरा गोळा झाला होता. तो नवापूरच्या आसपास विरघळला आणि कुपी पूर्वीसारखीच दुधाळ दिसू लागली. काचेच्या आतल्या बाजूस बारीक रवा चिकटल्यासारखा दिसला खरा. पण नीट हलली नसेल, असे म्हणून मी तो तळहातावर घोळवून मोडला.

लग्नाच्या तीन दिवसांत सासूबाईंना सारखी तहान लागू लागली, रात्रीतून चार-पाचदा उठावे लागू लागले. तेथील डॉक्टरांनी रक्त तपासले, साखर फार चढली होती. लग्नघरचे जेवण पाहता त्यांनी इन्शुलिनचे माप सहा युनिटांनी वाढविले. त्यांचे काहीच चुकले नाही, कारण कुपी गोठली होती हे मी त्यांना सांगितलेच नाही. ते सांगण्याजोगे आहे, हेच मला ठाऊक नव्हते. बारडोलीस परतल्यावर ती कुपी संपली म्हणून नवी उघडली आणि वाढविलेले माप तसेच चालू ठेवले. आता औषध पुऱ्या ताकदीचे होते आणि मापही वाढलेले. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास सासूबाई घामाने भिजून उठल्या. हात थरथरत होते आणि मला त्या आपल्या कधीच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारीत होत्या. यजमानांनी साखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजले. आमच्या गावाला साखर कारखान्याच्या मळीचा वास हिवाळाभर वेढून असतो आणि आमच्या घरी मधुमेहामुळे साखरेचा डबा वरच्या फळीवर ढकललेला असे. त्या रात्री तो डबा खाली काढावयास क्षणभर उशीर झाला असता तर काय झाले असते, याचा विचार मी पुढे अनेक वर्षे करीत राहिले.

म्हणून सांगावयाची पहिली गोष्ट हीच, की उष्णतेपेक्षा बर्फाची भीती अधिक बाळगावी. इन्शुलिन हे प्रथिन आहे. दुधाळ प्रकारात त्याचे अतिसूक्ष्म स्फटिक पाण्यात तरंगत असतात. ते गोठले की एकमेकांस चिकटतात आणि विरघळल्यावरही पूर्ववत सुटे होत नाहीत. मग एका वेळी सिरिंजमध्ये औषध कमी येते, दुसऱ्या वेळी जास्त. पाण्यासारखे स्वच्छ इन्शुलिन तर गोठून विरघळल्यावर डोळ्यांना कधी कधी जसेच्या तसे दिसते, आणि तेथे फसगत अधिक. गोठलेली कुपी कितीही महाग असली तरी टाकून द्यावी. पोलिओच्या लशीच्या बाटलीवर एक छोटे वर्तुळ आणि त्यात चौकोन असतो. उष्णता लागली की चौकोन काळवंडतो आणि आरोग्यसेविकेला लस वापरावी की नाही हे कळते. इन्शुलिनच्या कुपीवर असे चिन्ह सहसा नसते, तेव्हा तिचा इतिहास आपणच लक्षात ठेवावयाचा.

न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी. अशी ठेवली तरच तिच्यावर छापलेली मुदतीची तारीख खरी. बर्फाचा कप्पा वर्ज्य, त्याच्या लगतची जागा वर्ज्य आणि फ्रीजच्या मागच्या भिंतीस टेकलेली जागाही वर्ज्य, कारण तेथेही पुष्कळदा गोठते. मधल्या फळीवर, पुढच्या बाजूस, झाकणाच्या डब्यात ठेवावी. डब्याचा दुसरा लाभ असा, की कोथिंबिरीची जुडी शोधणारा हात तिला मागे ढकलीत नाही. वीज गेली तर फ्रीजचे दार उघडून 'अजून गार आहे का' हे पाहू नये. दार बंद राहिले तर आतला गारवा चारेक तास टिकतो.

वापरात घेतलेल्या कुपीची गोष्ट निराळी. तिला फ्रीजची गरजच असते असे नाही. बहुतेक प्रकारांसाठी २५ किंवा ३० अंशांपर्यंतच्या उष्णतेत सुमारे चार आठवडे, असे उत्पादक लिहितात. नेमका आकडा सोबतच्या पत्रकात पाहावा. कुपी उघडली त्या दिवसाची तारीख चिकटपट्टीवर लिहून ती तिच्यावरच लावावी. शिवाय फ्रीजमधून काढल्याबरोबर टोचलेले गार इन्शुलिन झोंबते, ही वृद्ध माणसांची नित्याची तक्रार. तीही यामुळे टळते.

यावर वाचक म्हणतील, की ३० अंश कोठून आणावयाचे? चैत्रापासून आमच्याकडे घरातही पारा त्याच्यावरच असतो. याचे उत्तर फ्रीजपेक्षा जुने आहे. टोरंटो येथे चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला ११ जानेवारी १९२२ रोजी इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले, तेव्हा घरोघरी विजेचे फ्रीज नव्हते, आणि आपल्याकडे तर ते त्यानंतर अर्धशतकानेही थोड्याच घरांत होते. आमच्या भागातील जुने डॉक्टर सरळ सांगत, की कुपी पाणियाऱ्यावर माठाजवळ ठेवा.

मडक्याची खरी रीत मला शिकविली ती एका ऊसतोडणी करणाऱ्या बाईने. दिवाळीनंतर धुळे-नंदुरबारकडून आणि डांगातून तोडणीची माणसे बारडोलीच्या आसपास उतरतात आणि शेताकडेच्या कोप्यांत चार-पाच महिने काढतात. तेथे वीज नाही, तर फ्रीज कोठला? या बाईचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा दोन वेळा इन्शुलिन घेई. तिने एका मोठ्या मडक्यात लहान मडके बसविले होते, दोहोंमधल्या जागेत नदीची रेती भरली होती आणि रेतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडीत असे. आतल्या मडक्यात झाकणाच्या डबीत कुपी, आणि वर ओले फडके. कामावर जाताना ती हे सारे झाडाच्या सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवून जाई. मुलगा हंगामभर ठीक होता. मी तिला बर्फाची गोष्ट सांगितली तेव्हा ती हसली नाही. "तुमच्याकडं बर्फ होता, बाई," एवढेच म्हणाली.

घरी येऊन मी तसेच मडके केले आणि थर्मामीटर ठेवून पाहिला. एप्रिलमधील एका दुपारी ओसरीत ३९ अंश असता आत २८ होते. जुलैमध्ये मात्र ओसरीत ३१ आणि आत २९. पावसाळी हवेत पाणी उडून जात नाही, म्हणून मडके गार होत नाही. पण तेव्हा हवा मुळातच इतकी तापलेली नसते, त्यामुळे फारसे अडत नाही. कुपी पिण्याच्या पाण्यात बुडवून ठेवू नये, एवढे सांभाळावे. लेबल निघून जाते आणि बुचावर घाण बसते.

उष्णता थोडी अधिक झाली तर औषध मेलेच, हा समजही तितकाच घातक, आणि त्याचा अनुभव आमच्या थोरल्या जाऊबाईंनी घेतला. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत शहर बुडाले, तेव्हा त्या अडाजणला पाचव्या मजल्यावर अडकल्या होत्या. खाली पाणी, वीज बंद. दुसऱ्या दिवशी फ्रीजमधले दूध नासले. दूध नासले तसे इन्शुलिनही नासले असणार, असे ठरवून त्यांनी दोन्ही कुपी केराच्या पिशवीत टाकल्या आणि दीड दिवस काहीच घेतले नाही. पाणी ओसरून त्यांना दवाखान्यात पोचविले तेव्हा त्यांना ओकाऱ्या होत होत्या, श्वास खोल आणि जलद चालला होता. चार दिवस तेथे काढावे लागले. तेथील डॉक्टरांनी आम्हांस ऐकविले, की कोमट झालेले इन्शुलिन नवे मिळेपर्यंत घेत राहावे आणि साखर तपासत राहावे. मुळीच न घेणे हे त्याहून कितीतरी वाईट. पुढे २०२१ मध्ये सीमारहित डॉक्टरांची संघटना आणि जिनिव्हा विद्यापीठ यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर केनियातील दगाहले निर्वासित छावणीत उष्णता दिवसाकाठी २५ ते ३७ अंशांमध्ये वरखाली होते. तशाच उष्णतेत चार आठवडे ठेवलेले इन्शुलिन आणि थंड ठेवलेले इन्शुलिन यांत फरक आढळला नाही. याचा अर्थ कुपी उन्हात ठेवावी असा नव्हे. बंद मोटारीतला पुढचा खण, स्कूटरची डिकी आणि खिडकीतले ऊन यांची उष्णता ३७ वर थांबत नाही.

साखर अकारण चढली तर माप वाढविण्याआधी कुपीकडे पाहावे. तीत गुठळ्या, दाणे, काचेवर पांढरा थर किंवा स्वच्छ प्रकारात गढूळपणा असेल तर ती बाजूला ठेवावी. आणि तसे काही दिसले नाही तरी ती कोठे कोठे राहिली होती हे डॉक्टरांना सांगावे. माप वाढले असेल आणि मागाहून नवी कुपी उघडावयाची असेल, तर त्या दिवशी डॉक्टरांना विचारल्याविना पहिले इंजेक्शन घेऊ नये.

अलीकडे आठवड्याला एकदा टोचावयाची, संधिवाताची, मूत्रपिंडाच्या रोग्यांना रक्तवाढीसाठी द्यावयाची अशी कितीतरी इंजेक्शने घरच्या फ्रीजमध्ये येऊन बसली आहेत. त्या प्रत्येकाचे दिवस आणि अंश वेगळे असतात. इन्शुलिनचा नियम त्यांना लावू नये. परदेशी मुलांकडे विमानाने जाणाऱ्यांनी यांपैकी काहीही सामानाच्या मोठ्या पेटीत टाकू नये, कारण विमानाच्या पोटात ते गोठू शकते. हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावे.

आता व्याऱ्याच्या भगिनींचा प्रश्न. लग्न रद्द करण्याचे काहीच कारण नाही. कुपी दोन घ्याव्यात आणि त्या दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात, म्हणजे एक हरवली किंवा फुटली तरी अडणार नाही. सिरिंजा घरूनच पुरेशा न्याव्यात. आपल्याकडच्या साध्या कुपी ४० युनिटांच्या असतात आणि त्यांच्या सिरिंजचे टोपण लाल. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटांच्या औषधासाठी असते. परगावी घाईत चुकीची सिरिंज हाती आली तर मापाचा घोटाळा होतो. पेन वापरत असाल तर सुई लावून ठेवू नये. उष्णतेच्या चढउताराने औषध गळते व हवा आत शिरते.

थर्मासमध्ये बर्फ भरू नये. तो आदल्या रात्री गार पाणी भरून ठेवावा, निघताना पाणी ओतून कोरडा करावा आणि रुमालात गुंडाळलेली कुपी आत ठेवावी. थर्मास नसेल तर कुपी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत घालावी, डबीभोवती जाड सुती फडके भिजवून गुंडाळावे आणि ती जाळीच्या पिशवीत घालून खिडकीच्या सावलीच्या बाजूस टांगावी. खानदेशचा कोरडा वारा माणसाला जितका नकोसा, तितका या फडक्याला उपयोगी पडतो. ते तासा-दीड तासात वाळते. नवापूरला गाडी थांबते, ज्या स्थानकाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे, तेथे नळावर पहिल्यांदा भिजवून घ्यावे. पुढे नंदुरबारला आणि दोंडाईचास पुन्हा. लग्नघरी पोचल्यावर फ्रीजमध्ये आइस्क्रीम आणि श्रीखंडाची गर्दी असेल, तेव्हा वापरातली कुपी त्यात कोंबण्याऐवजी माठाच्या शेजारी जागा मागून घ्यावी, आणि ती जागा यजमानांना स्वतः नेऊन दाखवावी.