हौसेचे मोल

'हौसेला मोल नाही' असे आपल्याकडे म्हटले जाते, आणि बहुधा एखादी न परवडणारी खरेदी करून घरी परतताना म्हटले जाते. हौस असली की माणूस किंमत पाहत नाही, हा त्याचा सरळ अर्थ. त्यातून दुसराही एक अर्थ निघू शकतो : हौसेचे मोल कुणी मांडूनच पाहत नाही. या दुसऱ्या अर्थापाशी मी अडखळलो तो २०२३च्या सप्टेंबरात, वेल्सच्या किनाऱ्यावरील टेनबी या गावी, एका लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनच्या अखेरच्या टप्प्यात.

प्रस्तुत लेख म्हणजे त्या शर्यतीचा वृत्तांत नव्हे. तसे वृत्तांत मराठीत आता पुष्कळ झाले आहेत. २०१५ साली मिलिंद सोमण यांनी झुरिकची आयर्नमॅन पुरी केली, २०१९ साली गोव्यात निम्म्या अंतराची आयर्नमॅन भरली, आणि पुण्या-कोल्हापुराकडचे कितीतरी डॉक्टर, अभियंते, व्यावसायिक या वाटेला लागले. त्यांच्या कहाण्यांचा साचा ठरून गेला आहे : आधी सुटलेले पोट, मग पहाटेचा गजर, मग जिद्द, आणि शेवटी गळ्यात पदक. माझेही पोट सुटलेलेच होते, तेव्हा या साच्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. माझे म्हणणे त्या साच्यात जे मावत नाही त्याविषयी आहे.

हा प्रकार ज्यांना अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ३.८ किलोमीटर समुद्रात पोहायचे, बाहेर येऊन लगोलग १८० किलोमीटर सायकल हाणायची, ती टाकून ४२.२ किलोमीटर धावायचे, आणि हे सारे साधारण सतरा तासांच्या आत संपवायचे. टेनबीची शर्यत २०११ पासून होते आहे आणि ती ओळखली जाते चढांसाठी. खरे तर तिथे डोंगर असा नाहीच. महाबळेश्वरच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला प्रथम ते सारे प्रकरण किरकोळ वाटते. आपला घाट एकदा सुरू झाला की तासभर चालतो. माणूस एक लय पकडतो, माथा आला की सुटतो. पेम्ब्रोकशायरच्या रस्त्यांना लय नाही. दोन्ही अंगांना माणसाहून उंच कुंपणे, मधून जेमतेम एक मोटार जाईल एवढी गल्ली, ती एकदम तीरासारखी वर चढते, चारशे-पाचशे मीटरवर संपते, लगेच वळणावळणाने खाली कोसळते आणि पुन्हा वर. असे करत करत दिवसभरात दोन हजारांहून अधिक मीटरची चढण होते.

सपाटीवर सायकलस्वाराचा मुख्य शत्रू वारा. अंग चोरून, वाकून त्याला थोडेफार फसवता येते. चढावर फसवणूक चालत नाही. तिथे नुसते वजन आणि उंची. मी, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून नव्वद किलो भरत होतो. एवढे ओझे दोन हजार चारशे मीटर वर न्यायचे तर शरीराला केवळ त्या कामापोटी दोन हजारांच्या आसपास कॅलरी जाळाव्या लागतात, कारण स्नायूंनी जाळलेल्या इंधनाचा फार तर चौथा हिस्सा पेडलपर्यंत पोहोचतो, उरलेल्याची उष्णता होते. बरे, उतारावर हे भांडवल परत मिळावे, तर अरुंद वळणांवर ते ब्रेकच खाऊन टाकतात. त्याहून अवघड गोष्ट अशी की खायला जागा सापडत नाही. चढताना धाप लागलेली असते, घास गिळवत नाही. उतरताना दोन्ही हात ब्रेकवर. हौशी माणूस अशा रस्त्यावर पायांनी हरण्यापूर्वी पोटाने हरतो. वाइजमन्स ब्रिजचा चढ दुसऱ्यांदा आला तेव्हा मी सायकलवरून उतरून चालत होतो. माझ्या पुढचे दोघेही चालत होते. त्यांतल्या एकाने मागे वळून 'छान हवा आहे' असे म्हटले. इंग्रज मनुष्य.

पण मी पुढे आलो. सकाळची गोष्ट राहिली. नॉर्थ बीचवर सूर्योदयाच्या सुमारास आम्ही सारे काळ्या रबरी पोशाखांत उभे असतो, आणि पाण्यात शिरण्यापूर्वी वेल्सचे राष्ट्रगीत होते. वेल्श येत नसलेल्यांच्याही अंगावर त्या वेळी काटा येतो. ती गर्दी पाहताना मला आपल्याकडच्या जत्रेची आठवण झाली. जत्रेला हौशे, नवशे आणि गवशे जमतात म्हणतात, आणि इथेही ते तिन्ही होते. कुणी मित्राच्या मृत्यूनंतर नवस बोलावा तसा दंडावर त्याचे नाव लिहून आलेला. कुणी केवळ गळ्यातले पदक आणि ते घालून काढलेले छायाचित्र गवसावे म्हणून आलेला. मी स्वतःला हौशांत धरत होतो. 'अमॅच्युअर' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधले प्रेम आहे, हे कुठेतरी वाचल्यापासून मला त्या शब्दाचा थोडा अभिमानही होता. मराठी 'हौस' मात्र अरबी 'हवस'वरून आली आहे, आणि हिंदीत त्या शब्दाचे काय झाले हे सर्वांना माहीत आहे. आपल्या भाषेने त्यातली हाव पुसून त्याला पैठणीचा पदर दिला. पुसलेली हाव अशा ठिकाणी पुन्हा वर येते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या शर्यतीच्या नियमांत एक कलम आहे : बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही. संयोजकांनी मांडलेल्या टेबलावरून केळे उचलावे, सहस्पर्धकाकडून टायरची ट्यूब घ्यावी, ते चालते. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या स्वतःच्या बायकोकडून पाण्याचा घोट घेतला तर तो गुन्हा. धावण्याची वाट टेनबीच्या जुन्या तटबंदीपासून वर न्यू हेजेस गावाकडे चढते आणि परत गावात उतरते. अशा चार फेऱ्या. तिसऱ्या फेरीत तटाजवळ माझी आठ वर्षांची मुलगी आणि तिची आई उभ्या होत्या. मुलीने हात पुढे केला. हातात आजीने साताऱ्याहून पाठवलेली शेंगदाण्याची चिक्की होती. मी न थांबता म्हणालो, ''नको बाळा, नियमात बसत नाही.'' आणि खरे सांगायचे तर तसे म्हणताना मला स्वतःचे कौतुक वाटले. पुढचा मैलभर ते कौतुक मला पुरले. मग चढ आला, चालणे आले, आणि चालताना विचार आला की त्या दोघी पहाटे पाचपासून पायांवर आहेत, त्यांनी दिवसभरात काय खाल्ले हे मला ठाऊक नाही आणि मी विचारलेलेही नाही.

मदत न घेता केले, असे मानायला शर्यतीचा एक दिवस फार सोयीचा असतो. मदत आधीच्या आठ महिन्यांत घेऊन झालेली असते आणि तिथे कुणी पंच उभा नसतो. माझ्या मनगटावरच्या घड्याळाने त्या आठ महिन्यांचा जमाखर्च चोख ठेवला आहे. किती अंतर, किती चढण, नाडीचे ठोके किती, झोप किती. एकूण सराव चारशे आठ तास. ब्रिस्टलहून रविवारी सकाळी सहाला निघायचे, मेंडिपच्या टेकड्या आणि चेडरची घळ करून दुपारी परतायचे, आंघोळ करून सोफ्यावर आडवे व्हायचे. या वेळात मुलीला पोहायच्या क्लासला कुणी नेले, तिच्या गणितापाशी कोण बसले, याचा रकाना त्या घड्याळात नाही. माझी पत्नी त्या वर्षी लेखापालाच्या परीक्षेचे शेवटचे दोन पेपर देणार होती. ते तिने पुढे ढकलले. ढकलताना घरात चर्चा झाली नाही, भांडण तर नाहीच. 'यंदा जमेलसं दिसत नाही' एवढेच ती म्हणाली आणि मीही 'पुढच्या वर्षी निवांत दे' असे उदारपणे म्हटले. शर्यतीनंतर काही आठवड्यांनी मी तिला विचारले, त्या दोन पेपरांच्या अभ्यासाला किती तास लागतात? ती म्हणाली, ''साधारण तीनशे.'' हिशेबाची माणसे आकडा सांगून गप्प बसतात.

आमच्यासारख्यांच्या कहाण्यांत शेवटी 'कुटुंबाच्या पाठिंब्याशिवाय हे शक्य नव्हते' असे एक वाक्य असते. समारंभाच्या अखेरीस मंडपवाल्याचे आभार मानावेत तसे. माझा आक्षेप या वाक्याला आहे. पाठिंबा हा शब्द असे सुचवतो की कृती एकाची आणि सदिच्छा इतरांच्या. वस्तुतः इथे वेळ एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात गेलेला असतो. टेनबीच्या वाळूवर माझ्या आसपास उभ्या असलेल्यांत बायका अगदी थोड्या होत्या. त्यांच्या पायांत बळ कमी, हे कारण मला पटत नाही. रविवारची सकाळ कुणाला आयती मिळते, याचा शोध आधी घ्यायला हवा.

गंमत अशी की हा खेळ जन्मला तेव्हा गोष्ट वेगळी होती. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईच्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पुरी केली. गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. त्या दिवशी संयोजकांची खाण्यापिण्याची टेबले नव्हती. प्रत्येकाने आपला मदतनीस आपणच आणायचा होता. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचे पाणी संपले तेव्हा त्यांनी त्याला बियर पाजली, ही कथा प्रसिद्धच आहे. हास्यास्पद असेल, पण प्रामाणिक व्यवस्था होती : कोण कुणाच्या जिवावर पळतो आहे हे रस्त्यावर दिसत होते. पुढे खेळ वाढला, दूरदर्शनवर आला. १९८२ साली ज्युली मॉस ही तरुणी शेवटच्या काही यार्डांत कोसळून सरपटत रेषेपर्यंत गेली, आणि ते दृश्य जगभर पाहिले गेले. एकटा जीव, भोवती गर्दी, कुणीही हात लावायचा नाही. या खेळाची मूर्ती घडली ती तिथे.

नॉर्वेतल्या मंडळींनी मात्र ही मूर्ती स्वीकारलेली नाही. तिथे २००३ पासून नॉर्समन नावाची शर्यत होते. अंतरे हीच, पण सुरुवात पहाटे फेरीबोटीवरून हार्डांगरच्या फ्योर्डमध्ये उडी मारून, आणि शेवट समुद्रसपाटीपासून १८५० मीटरवर, गाउस्टाटॉपन या डोंगरावर. पहिल्या एकशे साठांनाच शिखरावर जाता येते. त्यांना काळा टी-शर्ट, बाकीच्यांना पांढरा. एवढी कडक शर्यत, पण तिच्यात स्वतःचा मदतनीस आणणे सक्तीचे आहे. दिवसभर तो मोटारीने पुढे जाऊन खाणेपिणे देतो, आणि अखेरच्या खडकाळ चढावर पाठपिशवी घेऊन त्याने स्पर्धकाबरोबर माथ्यापर्यंत चालावेच लागते. एकट्याला वर सोडत नाहीत. कारण अर्थातच सुरक्षिततेचे आहे, नीतीचे नव्हे. तरी मला ते कलम आवडते. अंतिम रेषेवर दोन माणसे दमलेली दिसतात.

हे सारे वाचून कुणी म्हणेल, मग सोडून द्या ना हा उद्योग. माझी आई साताऱ्याहून फोनवर तेच म्हणते : ''अरे, कुणी सांगितलंय? कुणी पाठी लागलंय का तुझ्या?'' तिच्या या प्रश्नाला माझ्यापाशी चांगले उत्तर नाही, पण मी सोडणार नाही हेही खरे. आरोग्याचे कारण मी पुढे करत नाही. आरोग्याला रोजचे तासभर चालणे पुरते. एप्रिलमधल्या एका सकाळी क्लिव्हडनच्या मरीन लेकमध्ये, भरतीचे पाणी भिंतीवरून आत ओसंडत असताना, थंडीने जबडा बधिर झालेला असताना मी पोहत होतो आणि मला कुणाचाही पिता, पती, नोकर असल्याची आठवण नव्हती. तसा तास चाळिशीनंतर माणसाला फार थोड्या जागी मिळतो. काहींना तो गाण्यात मिळतो, काहींना देवळात. तो हवासा वाटणे हा अपराध आहे असे मी मानत नाही. तसा तास घरातल्या दुसऱ्या माणसालाही हवा असेल, हे मला त्या वेळी सुचले नव्हते, इतकेच.

शर्यत मी १६ तास १२ मिनिटांत पुरी केली. पदक हॉलमधल्या खुंटीवर आहे. मुलीने त्यावर शाळेची टोपी अडकवली आहे. पत्नीने दोन्ही पेपर २०२४ साली दिले. एक सुटला, एक राहिला, आणि राहिलेल्याचा अभ्यास आता रविवारी सकाळी सहा ते बारा चालतो. त्या वेळात मुलीला पोहायला मी नेतो. तलावाच्या काठावरच्या बाकावर प्लास्टिकच्या खुर्च्या असतात तशा निळ्या वाट्या बसवल्या आहेत, त्यांत बसून पाठ फार दुखते, हे मला पूर्वी माहीत नव्हते.

गेल्या महिन्यात मी नॉर्समनचा विषय काढला. तिथे प्रवेश सोडतीने मिळतो, लगेच काही होत नाही, वगैरे प्रस्तावना करून मी तिला मदतनिसाचे कलम वाचून दाखवले. तिने ते माझ्याकडून घेऊन पुन्हा स्वतः वाचले. मग विचारले, ''या डोंगरावर चढायचा सराव मलाही करावा लागेल की नाही?'' मी म्हणालो, करावा लागेल. ''किती तास?'' तिने विचारले. तो आकडा मी अजून काढतो आहे.